श्वासाची खूण

"आपला शिक्का बव्हेरियात सापडलाय," पियानोचे झाकण उघडता उघडता रूबेन म्हणाला, आणि थेडा फोल्कर्ट्सच्या हातांतली स्वरलिप्यांची चळत एकाएकी जड झाली.

कोणाची विसरलेली छत्री सापडावी, इतक्या सहज तो बोलला होता. गुरुवारची तालीम सुरू व्हायची होती. चर्चच्या सभागृहात खुंट्यांवर ओले कोट निथळत होते, खुर्च्या सरकत होत्या, आणि थेडा नेहमीप्रमाणे पाने वाटत होती: आधी उंच पट्टीच्या बायका, मग खालच्या पट्टीच्या, शेवटी पुरुष. गायकवृंदात हा क्रम मोडण्याची कोणाची छाती नव्हती.

"शिक्का म्हणजे? कसला शिक्का?" खालच्या पट्टीतून गेशेने विचारले. गेशे थेडाची कालव्यापलीकडची शेजारीण, आणि जिभेला हाड नसलेली मैत्रीण.

"'नोर्डरवार्फ गायकवृंद, कपाट दुसरे.' निळ्या शाईतला. तिकडे, देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, एका चर्चमध्ये लोक ज्या पानांवरून गात होते, त्या प्रत्येक पानावर आपलं नाव. ती पानं छापणाऱ्या प्रकाशनसंस्थेतल्या बाईंचा फोन होता. पुढच्या आठवड्यात त्या आपलं कपाट बघायला येतायत."

"थेडाचं काय सांगावं," गेशे म्हणाली. "कुत्रं घटकाभर उभं राहिलं तर त्यालाही शिक्का मारेल ती."

सगळे हसले. थेडाही हसली, पण तिचे हसू इतरांचे विरून गेल्यावर उमटले, आणि सभागृहात ते एकटेच ऐकू आले.

तालीम संपली, कोट उतरले, दार वाऱ्याने आपटले. पाने परत कपाटात लावत असताना रूबेन तिच्या शेजारी येऊन उभा राहिला. वृंदप्रमुख होऊन त्याला फार काळ लोटला नव्हता. स्वेटरच्या खांद्यावर बाळाने ओकलेल्या दुधाचा वाळलेला डाग होता.

"थेडाबाई, कुणी प्रती काढून नेल्या असतील? आठवतंय का काही?"

"बघते."

"बघाच. चर्चच्या मुख्य कचेरीनं स्पष्ट सांगितलंय, पानं आपल्याकडून बाहेर गेली असं ठरलं तर वृंद बंद. आणि कपाट कागदोपत्री माझ्या ताब्यात. माझी नेमणूक अजून पक्की नाही, हे तुम्हाला माहीतच आहे." तो हसण्याच्या बेताला आला आणि थांबला. "दुसरं बाळ येतंय. हे माहीत नसेल."

"अभिनंदन," थेडा म्हणाली. इतक्या वर्षांत त्या कपाटाची किल्ली कुलपात पहिल्या खेपेस बसली नाही, असे त्या दिवशी प्रथमच घडले.

तिला आठवण्यासारखे काही नव्हते. तिला ठाऊक होते.

नोकरीचा सारा काळ थेडाने बंदरावरच्या कस्टम कचेरीत काढला होता. शिक्का नसलेला कॉफीचा डबासुद्धा तिच्या टेबलावरून पुढे सरकला नव्हता. पकडल्या गेलेल्या खलाशांची तोंडे तिच्या चांगल्या परिचयाची होती. ती आधी हसतात, मग घाम पुसतात, आणि शेवटी म्हणतात की नियम ठाऊक नव्हता. त्यावर थेडाचे उत्तर ठरलेले असे: "ठाऊक नव्हतं, हे उत्तर नव्हे. ती फक्त माहिती झाली." निवृत्तीनंतर वृंदाचे कपाट तिच्याकडे आले, तेव्हा आत कशाचा पायपोस कशात नव्हता. तिने शिक्का करवून घेतला आणि एक पान सोडले नाही. विकत घेतलेल्या प्रती होत्या, माणसे वाढत गेली तशा काढलेल्या झेरॉक्स होत्या. दोहोंवर तिने सारख्याच निष्ठेने वृंदाचे नाव उमटवले. स्वरलिपीची झेरॉक्स काढायला कायद्याची सक्त मनाई आहे, हे तेव्हा वृंदात कोणाच्या गावीही नव्हते, थेडाच्याही नाही. चोरीच्या मालावर स्वतःचे नाव घालणारा चोर थेडाला साऱ्या नोकरीत भेटला नव्हता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

तरी झेरॉक्स कपाटात होत्या. कपाटाला कुलूप होते. खरी भीती तिच्या घरात, जेवणाच्या टेबलावर, झाकण मिटून बसली होती.

सारे जग दारे लावून बसले होते, त्या हिवाळ्यात एकत्र गाण्याला बंदी आली. त्याच हिवाळ्यात थेडाचा नवरा हाबो गेला. हाबो खर्जाच्या पुरुषांचा म्होरक्या. गाताना श्वास कोठे घ्यायचा हे तो ठरवी, आणि प्रत्येकाच्या पानावर पेन्सिलीने स्वल्पविरामाएवढी बारीक खूण करून ठेवी. छापणाऱ्यांना फुप्फुसे नसतात, असे त्याचे म्हणणे. त्याच्या दफनाला मोजकीच माणसे चालत होती, आणि गाणे तर मुळीच चालत नव्हते. तेव्हा गेशेने ठरवले की चर्चची घंटा झाली की ज्याने त्याने आपापली खिडकी उघडायची आणि हाबोची आवडती सांजप्रार्थना गायची. पाने कोणाच्याच घरी नव्हती. थेडाने कपाटातून ती आणली, एकेक करून स्कॅन केली, हाबोने आपल्या नावाने उघडून ठेवलेल्या खात्यात एक फोल्डर केला आणि त्याची लिंक सर्वांना पाठवली. थडग्याशी उभी असताना तिला कालव्याच्या दोन्ही अंगांनी गाणे ऐकू आले, वाऱ्याने फाटलेले, एकमेकांच्या मागेपुढे झालेले. एका जागी मात्र ते सबंध थांबले आणि पुन्हा सुरू झाले. तेथे हाबोची खूण होती.

त्यानंतर करायला दुसरे काही नव्हते, म्हणून तिने सारे कपाट स्कॅन केले. म्हाताऱ्या माणसांना पासवर्ड लक्षात राहिनात. गेशे तर तो एका सकाळीत पुन्हा पुन्हा विसरे आणि वर थेडालाच बोल लावी. शेवटी थेडाने कुलूप काढून टाकले: 'लिंक असलेल्या कोणालाही.' नक्की का, असे यंत्राने विचारले होते. थेडाची खात्री होती. दार उघडे आहे खरे, पण पत्ता आपल्या माणसांखेरीज कोणाला आहे, अशी तिची समजूत होती. बंदी उठली, वृंद सभागृहात परतला, आणि थेडा तो फोल्डर विसरून गेली.

शुक्रवारी दुपारी तिने टेबलावरच्या लॅपटॉपचे झाकण उघडले.

फोल्डर होता तसाच होता. मात्र एक पान उघडताच वरच्या कडेला रंगीत गोल टिकल्या दिसल्या, आणि प्रत्येकीत कोणा प्राण्याचे चित्र. तिने बाण टिकलीवर नेला. 'निनावी घुबड.' दुसरीवर नेला. 'निनावी बेडूक.' नाव न सांगता आत येणाऱ्याला यंत्र प्राण्याचे नाव देते हे कळायला तिला थोडा वेळ लागला, आणि कळल्यावर तिने खुर्ची मागे सरकवली, जणू टिकल्यांमागच्यांनाही ती दिसत होती. आपल्या वृंदातले असतील, असे तिने स्वतःला समजावले. पण घुबड त्या घटकेला जी रचना पाहत होते, ती वृंदाने कित्येक वर्षांत गायली नव्हती.

पुसून टाकावे. बोट बटणापर्यंत गेले आणि थांबले. वेशीबाहेर गेलेला माल कागद फाडून परत येत नाही, हे तिच्याइतके कोणाला ठाऊक? आणि पेटी समुद्रात फेकून देणाऱ्याला पेटी दाखवणाऱ्यापेक्षा कचेरीत नेहमीच वाईट वागणूक मिळे.

तेवढ्यात दारावरची घंटा वाजली.

थेडाने झाकण मिटले. मग भिंतीला लागून, श्वास रोखून, ती दारापर्यंत आली. प्रकाशनसंस्थेच्या बाई पुढच्या आठवड्यात येणार म्हणाल्या होत्या; पण छापा घालणारे सांगितलेल्या दिवशी येत नाहीत, नोकरीत असताना तीही कधी गेली नव्हती. काचेपलीकडे पिवळे काहीतरी हलत होते.

"मॉइन, थेडाबाई," टपालवाल्याने त्या मुलखातला नमस्कार केला. "शेजारच्यांचं पार्सल. तुमच्याकडे ठेवू? इथं सही."

तिने सही केली. तिच्या सहीत तिचे नाव कोणाला वाचता आले नसते.

"बरं नाही का? कापताय तुम्ही."

"वारा आहे."

"वारा बाहेर आहे, थेडाबाई," तो म्हणाला आणि सायकल काढून निघून गेला.

पार्सल मांडीवर घेऊन ती बराच वेळ बसून राहिली. मग पुन्हा झाकण उघडले. फोल्डरच्या तळाशी, स्वरलिप्यांच्या खाली, 'सोबत' नावाचा एक कागद होता. त्याच्यावर नजर जाईपर्यंत तिला वाटत होते की भीतीचा तळ आपण गाठला आहे.

तो त्याच हिवाळ्यातला. कोणाचा बाजारहाट कोण करणार, औषधे कोण आणणार, हे ठरवायला तिनेच केलेला. त्यात वृंदातल्या प्रत्येकाचे घर होते, जन्मतारीख होती, आणि घरात एकटे कोण हेही होते. शेवटच्या रकान्यात, कोणी आजारी पडून दार उघडू शकले नाही तर म्हणून, किल्ल्यांच्या जागा होत्या. आयलर्ट: कोंबड्यांच्या खुराड्यात, उजवीकडे. टोमा: दारापुढच्या तिसऱ्या कुंडीखाली. गेशे: छपरीतल्या झारीत.

वरच्या कडेला एकच टिकली होती. 'निनावी कोल्हा.' आणि कागदावर एक जांभळी रेघ उघडझाप करीत होती: आत आलेला माणूस जिथे आहे, तेथे. ती गेशेच्या ओळीवर होती.

थेडाने तिच्याकडे पाहिले. रेघ हलली नाही. काही वेळाने ती नाहीशी झाली, आणि टिकलीही.

आता गप्प बसण्याची सोय उरली नव्हती. स्वरलिप्यांसाठी तोंड मिटून राहता आले असते. निदान पुढच्या आठवड्यापर्यंत. पण किल्ल्या हलवा म्हणून सांगायचे तर का हलवायच्या तेही सांगावे लागणार, आणि ते सांगितले की सारे सांगितल्यासारखेच. तिने कोट चढवला.

कालवा ओलांडून ती गेशेच्या घरी गेली, ती पुढच्या दाराने नाही. आधी छपरीत जाऊन तिने झारीत हात घातला. किल्ली होती. थंडगार किल्ली मुठीत धरून तिने मागचे दार वाजवले.

"चोरी करायला आलीस की चहाला?" गेशेने विचारले. छपरीत झारी वाजलेली तिने आतून ऐकली होती.

"ही आत ठेव. झारीत पुन्हा ठेवू नकोस."

"का गं? माझं लग्न झालं तेव्हापासून ती तिथंच आहे. झारी दोनदा बदलली."

"आधी बस."

गेशेने पेल्यांत खडीसाखर टाकली, वरून चहा ओतला, साय सोडली. साखर तडकल्याचा बारीक आवाज झाला. थेडाने फोल्डरचे सांगितले, कुलूप काढल्याचे सांगितले, कोल्ह्याचे सांगितले.

"कोल्हा मीच असेन की," गेशे म्हणाली. "मी उघडते ना तो कागद. वाढदिवस बघायला."

थेडाचा जीव भांड्यात पडला. "आज दुपारी उघडलास?"

"आज?" गेशे विचारात पडली. "आज मी डोळ्यांच्या डॉक्टरकडे होते. थेंब घातलेत, अजून तुझं तोंडसुद्धा धड दिसत नाहीय."

दोघींनी एकदमच छपरीकडे पाहिले. वाऱ्याने छपरीचे दार उघडत होते, मिटत होते.

"आणि बव्हेरिया?" थेडाने विचारले.

गेशेने सायीकडे पाहिले. ती अजून विरघळली नव्हती. "तिकडं माझी मावसबहीण आहे. गाते. मी तिला ती लिंक धाडली होती. हाबोसाठी गायलो ते किती सुरेख होतं, ऐकवता तर येत नाही, म्हटलं निदान पान तरी बघ."

"हे काल का नाही बोललीस?"

"विचारलं कुठं कुणी? आणि तू तरी कुठं बोललीस? चोराच्या मनात चांदणं, बाई, तुझ्याही आणि माझ्याही." तिने पेला उचलला, खाली ठेवला. "हे बघ. अळीमिळी गुपचिळी. किल्ल्यांचं काहीतरी सांगू, भुरटे फिरतायत म्हणून. आणि त्या बाई आल्या की खातं कुणाच्या नावावर आहे ते त्यांनाच दिसेल."

"हाबोच्या."

"मग झालं तर. हाबोनं केलं. तुला यंत्रातलं काय कळतंय? तुझी सुटका, रूबेनची सुटका, वृंद चालू. मेलेल्या माणसाला कोण कोर्टात नेतंय? आणि हाबोला विचारलं असतंस ना, तर तो स्वतःच म्हणाला असता, घाल माझ्या नावावर."

हे खरे होते, आणि खरे होते म्हणूनच थेडाला त्याची भीती वाटली. हाबो म्हणाला असता. हसत म्हणाला असता. मग गावात, मुख्य कचेरीत, कोठल्याशा दूरच्या कागदावर, ज्याने आयुष्यात दुसऱ्याची सायकलसुद्धा न विचारता हलवली नव्हती, त्याचे नाव चोर म्हणून राहिले असते. आणि तिला रात्री झोप लागली असती.

तिने चमचा उचलला आणि पेल्यात उभा केला. पेल्यात चमचा म्हणजे आता चहा पुरे; तीन पेल्यांच्या आधी तसे करणे म्हणजे त्या मुलखात यजमानिणीच्या मुस्कटात मारणे. पहिल्या पेल्यानंतर तसे कोणी केलेले गेशेने पाहिले नव्हते.

"बरं," गेशे हळूच म्हणाली. "बरं, थेडा. राहिलं."

उरलेली दुपार आणि शनिवार थेडा सायकलवर होती. समुद्राच्या बांधावरून येणारे वारे तोंडावर घेत ती घरोघर गेली, आणि प्रत्येक दारात तेच बोलली, एक शब्द कमी न करता. आयलर्टने सारे ऐकून घेतले. एके काळी तो बांधातले, समुद्राचे पाणी अडवणारे दरवाजे सांभाळी. खर्जात हाबोनंतरचा म्होरक्या तोच.

"माझ्या घरात न्यायला काय आहे? गुडघे? नेऊ दे की. नेले तर उपकारच होतील." मग त्याने तिच्याकडे पाहिले. "खुराड्यातली काढतो, हां. तू घरी जा. ओठ निळे पडलेत तुझे."

टोमाने दाराची साखळी काढली नाही. फटीतूनच ती म्हणाली, "हाबो गेला तेव्हा तुला एकटं वाटू नये म्हणून आम्ही हो म्हटलं त्या कागदाला. किल्ल्या दिल्या तुला, थेडा. किल्ल्या." आणि दार लागले. आतून अडसर पडल्याचे थेडाने ऐकले. टोमाच्या दाराला अडसर आहे हेच तिला ठाऊक नव्हते.

सोमवारपर्यंत गावाला सगळे कळले होते, म्हणजे रूबेनलाही कळले होतेच. तो तिच्याकडे आला नाही. त्याच्याकडे जायचे तेवढे तिच्याने झाले नाही. त्याच्या फाटकापाशी जाऊन ती दोनदा परतली. रात्री दाराला ती कुलूप लावी, आणि अंथरुणातून उठून, लावले आहे ना, ते पाही. बाहेर काही खुडबुडले की कोल्हा आठवे. खरे कोल्हे बांधावर पुष्कळ होते. त्यांना ती कधी भ्याली नव्हती.

प्रकाशनसंस्थेच्या डोर्नबुशबाई आल्या त्या सर्दीने बेजार होऊन. तोंडात खोकल्याची गोळी, हातात साधी पिशवी. थेडाच्या मनात ज्या बाई आठवडाभर दार वाजवीत होत्या, त्या याहून पुष्कळ उंच होत्या. सभागृहात रूबेन होता, थेडा होती, आणि कोणी न बोलावता चहाचा ट्रे घेऊन आलेली गेशे होती.

कपाट उघडले गेले. डोर्नबुशबाईंनी कप्पे पाहिले, चिठ्ठ्या पाहिल्या.

"इतकं नीटनेटकं कपाट मी कुठल्या वृंदाचं पाहिलं नाही," त्या म्हणाल्या, आणि ती स्तुती नव्हती. एकेक पान उजेडाकडे धरून त्या दोन गठ्ठे करू लागल्या. झेरॉक्सचा गठ्ठा उंच होत गेला. मग त्यांनी विचारले, "फोल्डरचं खातं हाबो फोल्कर्ट्स यांच्या नावावर आहे. ते कोण?"

गेशेच्या ट्रेवर पेले किणकिणले.

"वृंदाचा प्रमुख मी आहे," रूबेन म्हणाला. त्याचा चेहरा कागदासारखा झाला होता, पण आवाज ठाम होता. "कपाट माझ्या ताब्यात. विचारायचं ते मला विचारा."

थेडाने त्याच्याकडे पाहिले. त्याला सारे ठाऊक होते, आणि तरी तो मध्ये उभा राहिला होता. तिची आठवडाभराची भीती कमी झाली नव्हती. फक्त भीती वाटत असताना बोलता येते, एवढेच तिला त्या क्षणी कळले.

"हाबो माझा नवरा," ती म्हणाली. "तो चर्चच्या मागं, बांधाकडच्या रांगेत आहे. नाव त्याचं आहे, पण हात माझा. शिक्काही माझा. रूबेनना यातलं काही माहीत नव्हतं."

"हे बेकायदा आहे, हे तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

"नव्हतं." आणि मग, कोणी दुसरेच बोलते आहे असे तिला वाटले, "पण ठाऊक नव्हतं, हे उत्तर नव्हे. ती फक्त माहिती झाली."

डोर्नबुशबाईंनी गोळी गालात फिरवली. एक झेरॉक्स उचलून त्यांनी पेन्सिलीच्या खुणेवर बोट ठेवले.

"शिक्का नंतर दिसला. आधी हे ऐकू आलं. ज्यांची ही रचना, त्यांना त्या चर्चनं पाहुणे म्हणून बोलावलं होतं. वय झालंय, कुणी बोलावलं की जातात. वृंद गाऊ लागला, आणि एका जागी सगळ्यांनी मिळून श्वास घेतला. ते मला म्हणाले, इथं मी श्वास लिहिलेला नाही. म्हणून पान मागवलं."

"चिडले?" गेशेने विचारले.

"नाही. म्हणाले, पण चांगला आहे." त्यांनी पान खाली ठेवले. "फोल्कर्ट्सबाई, ते दोन खोल्यांत राहतात. त्यांचं पोट या पानांवर आहे. तुमचा कागद किती गावी गेला, हे आता मलाही सांगता येणार नाही आणि तुम्हालाही."

ठरले ते असे: झेरॉक्स त्यांच्या डोळ्यांदेखत नष्ट व्हायच्या, फोल्डर पुसायचा, वृंदाने नव्या प्रती रीतसर घ्यायच्या, आणि असे पुन्हा होणार नाही याची लेखी हमी द्यायची. मग संस्था वृंदाच्या मागे लागणार नव्हती, आणि वृंद बंद करायला मुख्य कचेरीला कारण उरणार नव्हते.

"हमी वृंदाकडून नको," थेडा म्हणाली. "माझ्या नावानं लिहून घ्या. आणि कपाटाची किल्ली आजपासून दुसऱ्या कुणाकडे द्या."

रूबेन काही बोलू गेला. तिने हात वर केला, आणि तो थांबला.

कागद फाडण्याचे यंत्र चर्चच्या कचेरीत होते. पाने थेडाने स्वतःच्या हाताने घातली, खुर्चीवर ताठ बसून, एकेक करून. जप्त सिगारेटी जाळताना ती अशीच बसे. प्रत्येक पानावर तिचा निळा शिक्का होता, आणि ओळींवर हाबोच्या पेन्सिलीच्या बारीक खुणा. यंत्राला त्या दोहोंतला फरक कळत नव्हता. सांजप्रार्थनेचा गठ्ठा आला, तेव्हा डोर्नबुशबाई खिडकीकडे वळल्या.

"एखादं पान," त्या बाहेर पाहत म्हणाल्या, "मोजायचं राहूनही जातं."

थेडाने पेन्सिलीच्या खुणेवरून एकदा बोट फिरवले.

"जप्तीच्या मालातलं काही घरी जात नाही," ती म्हणाली, आणि पान यंत्रात घातले.

घरी फोल्डर पुसताना गेशे तिच्या खुर्चीमागे उभी होती. आधी 'सोबत' उघडला. वरच्या कडेला टिकली होती.

"हाच का तो?" गेशेने कुजबुजून विचारले, जणू त्याला ऐकू जाईल.

"हाच."

जांभळी रेघ कोणाच्याही नावावर नव्हती. कागदाच्या अगदी शेवटी, कोऱ्या जागेत, ती उघडझाप करीत होती. हे परत आणता येणार नाही, असे यंत्राने बजावले. थेडाने बटण दाबले. पडदा पांढरा झाला. कोल्ह्याने काय नेले, आणि तो कोण होता, हे तिला कधीच कळले नाही.

नव्या प्रती आल्या तेव्हा बांधावर मेंढ्यांची कोकरे दिसू लागली होती. रूबेनची नेमणूक पक्की झाली होती. कपाटाची किल्ली टोमाकडे गेली होती, आणि टोमा पाने वाटताना पुरुषांपासून सुरुवात करी. थेडाला कोणी तालमीला येऊ नको म्हटले नव्हते. खालच्या पट्टीत, गेशेच्या शेजारी, ती आपल्या जागी होती. टोमाने तिच्या हातात पान ठेवले, तिच्याकडे न पाहता, पण हातात ठेवले. खुर्चीवर टाकले नाही.

पान पांढरेशुभ्र होते. शिक्का नाही, खूण नाही. थेडाच्या पर्सेत टोक केलेली पेन्सिल होती. ती तिने बाहेर काढली नाही.

"उभे राहू या," रूबेन म्हणाला.

सगळे उठले, आणि सभागृहभर किल्ल्या वाजल्या. आता कोणाचीच किल्ली कुंडीखाली किंवा खुराड्यात राहत नसे. ज्याची त्याच्या खिशात असे, आणि उठता-बसता तिचा आवाज होई. अजून त्या आवाजाची कोणाला सवय झाली नव्हती. तो थांबेपर्यंत रूबेन थांबला.

"सांजप्रार्थना. आज छापलंय तसं गाऊ या. मधली ओळ अखंड आहे, श्वास नाही. सरळ जायचं."

त्याने हात उचलला. गाणे सुरू झाले, बाहेरच्या वाऱ्यावरून वर चढले, मधल्या ओळीवर आले. तेथे आयलर्टने श्वास घेतला. गेशेने घेतला. टोमाने घेतला, आणि थेडाने घेतला, आणि सबंध वृंद एका कोऱ्या जागेवर थांबला.

रूबेनचा हात हवेत होता. त्याने तो तसाच धरून ठेवला.